ऑफिसचा स्वतःचा सर्व्हर अपडेट कसा ठेवायचा: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या नवीन लोकांसाठी

हे कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. तुमच्या ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्यावर फाइल शेअरिंग चालतं, एकाच डॉक्युमेंटमध्ये दोघं-तिघं मिळून टाइप करतात, कुठं कुठं मेलपण तिथूनच चालतो, आणि तो लावून देणारा माणूस आता पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला गेलाय. मग "तुला कंप्युटरचं जमतंय की" म्हणून ते काम तुमच्याकडं आलंय. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं ऑफिस असू दे, निपाणीची सौहार्द सोसायटी असू दे, खानापूरची शाळा असू दे नाहीतर टिळकवाडीतलं सीएचं ऑफिस, गोष्ट सगळीकडं सारखीच आहे.

मी अशा ऑफिसांचे सर्व्हर बघतो. अपडेट अजिबात न मारलेले सर्व्हर असतातच, पण त्याहून जास्त बघायला मिळतं ते अर्धवट अपडेट. म्हणजे पॅच (दुरुस्तीचं छोटं अपडेट) टाकलाय पण त्याच्या नंतरची पायरी केलेली नाही, नवीन कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आलाय पण सर्व्हर रिस्टार्ट केलेला नाही, मेन सॉफ्टवेअर नवीन आणि त्याला जोडलेला डॉक्युमेंट सर्व्हर जुनाच. आणि सगळ्यांना वाटतंय की झालंय काम. न केलेलं अपडेट निदान डोक्यात तरी असतं, अर्धवट केलेलं कोणाच्या लक्षातच राहत नाही, म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी "हे संपलं कधी म्हणायचं" ते पण लिहिलंय.

सुरू करायच्या आधी एवढं जमवून ठेवा:

- सर्व्हरचा ॲडमिन यूजर आणि पासवर्ड, आणि तो चालतोय का हे एकदा लॉगिन करून बघा
- डोमेन जिथून घेतलंय तिथलं लॉगिन. बऱ्याच ठिकाणी हे जुन्या व्हेंडरच्या नावावर असतं, ते आधी संस्थेच्या नावावर करून घ्या
- मायक्रोसॉफ्टचं काही असेल तर लायसन्स की आणि बिल
- दोन बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्क, सर्व्हरवरच्या डेटापेक्षा मोठ्या
- एक जुना पण धड चालणारा पीसी, प्रयोगासाठी
- यूपीएसच्या बॅटरीवर सर्व्हर किती मिनिटं टिकतो तो आकडा
- एक वही. होय, कागदाची, कारण सर्व्हर बंद पडला की सर्व्हरवर ठेवलेली एक्सेल उघडता येत नाही

१. काय काय चालू आहे ते लिहून काढा

"आमच्याकडं नेक्स्टक्लाउड आहे" (स्वतःच्या सर्व्हरवर फाइल शेअरिंग चालवणारं सॉफ्टवेअर) एवढं म्हणून भागत नाही. एका सर्व्हरवर थर असतात: खाली ऑपरेटिंग सिस्टिम, उदाहरणार्थ उबुंटू, त्यावर वेब सर्व्हर आणि पीएचपी, मग डेटाबेस, मग नेक्स्टक्लाउड, त्याच्या आतली ॲप्स म्हणजे कॅलेंडर, टॉक वगैरे, आणि बाजूला डॉक्युमेंट उघडून देणारा कोलाबोरा नाहीतर ओन्लीऑफिस. प्रत्येकाचं व्हर्जन वेगळं, प्रत्येकाचं अपडेट वेगळं. सगळ्यांचे नंबर वहीत लिहा आणि पुढं तारीख घाला.

व्हर्जनएवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते इन्स्टॉल कसं केलंय. पॅकेज मॅनेजरनं (उबुंटूचं नेहमीचं इन्स्टॉल करायचं साधन), डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालतं, तो डबा इमेज नावाच्या साच्यावरून तयार होतो), स्नॅपनं (उबुंटूचीच दुसरी पॅकेज पद्धत), की झिप सोडवून फोल्डर ठेवलंय. ज्या पद्धतीनं इन्स्टॉल झालंय त्याच पद्धतीनं अपडेट मारायचं. डॉकरमधल्या नेक्स्टक्लाउडला आत शिरून हातानं फाइली बदलल्या तर पुढच्या वेळी कंटेनर नव्यानं तयार होताना त्या उडून जातात. स्नॅपवालं नेक्स्टक्लाउड आपणहून अपडेट होतं, तिथं तुम्ही हात घालायची गरजच नसते, फक्त ते होतंय का यावर लक्ष ठेवा.

२. कोणाचा सपोर्ट कधी संपतो ते बघा

सपोर्ट संपलेल्या सॉफ्टवेअरला अपडेट येतच नाही, त्यामुळं "अपडेट चेक करा" दाबल्यावर "सगळं नवीन आहे" असं दिसतं आणि माणूस निवांत होतो. आपल्या भागात जे जास्त दिसतं त्याच्या तारखा सांगतो.

एक्स्चेंज सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी विंडोज १० चा, आणि ऑफिस २०१६ व २०१९ चा पण. शेअरपॉइंट सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा फाइल शेअरिंगचा सर्व्हर) २०१६ आणि २०१९ ची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. एक्स्चेंज आणि शेअरपॉइंट दोन्हीकडं पुढचा रस्ता म्हणजे सबस्क्रिप्शन एडिशन. एक्स्चेंज २०१९ चं शेवटचं क्युम्युलेटिव्ह अपडेट (आधीच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र असलेलं) घातलेलं असेल तर त्याच मशिनवर वर चढता येतं, २०१६ असेल तर नवीन सर्व्हर उभा करून मेलबॉक्स हलवावे लागतात, म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही, तो आधीच कमिटीपुढं किंवा मालकापुढं ठेवा.

उबुंटूचं एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारं) व्हर्जन नेहमीच्या सपोर्टवर ५ वर्षं चालतं. २०.०४ चं मे २०२५ मध्ये संपलं, २२.०४ चं २०२७ मध्ये संपतं. नेक्स्टक्लाउडचं एक मोठं व्हर्जन साधारण वर्षभर सांभाळतात आणि वर्षात दोन-तीन मोठी व्हर्जनं येतात, त्यामुळं वर्षभर झोपलात तर मागं पडलातच.

३. बॅकअप घ्या, आणि तो परत उभा करून बघा

इथं जरा थांबतो, कारण बाकी सगळं चुकलं तरी हे बरोबर असेल तर तुम्ही वाचता.

नेक्स्टक्लाउडच्या बॅकअपमध्ये तीन गोष्टी पाहिजेतच: डेटा फोल्डर, डेटाबेस, आणि कॉन्फिग फोल्डर. थीम वेगळी केली असेल तर ते फोल्डर पण. बरेच जण फक्त डेटा फोल्डर कॉपी करतात, "फाइली आहेत की सगळ्या" म्हणून. पण कोणती फाइल कोणाबरोबर शेअर केलीय, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, कमेंट, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्या इन्स्टॉलेशनच्या गुप्त किल्ल्या असतात, त्या हरवल्या तर डेटाबेस असून पण लॉगिनचा गोंधळ होतो. एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर त्याच्या किल्ल्यांशिवाय फाइली नुसता कचरा.

बॅकअप घेताना आधी मेंटेनन्स मोड चालू करा, म्हणजे कोणी मध्येच फाइल टाकणार नाही आणि डेटाबेस आणि फाइली एकाच क्षणाच्या राहतील. मग डेटाबेसचा डंप (सगळा डेटाबेस एका फाइलीत काढलेली प्रत), मग फोल्डरची कॉपी.

व्हर्च्युअल मशिनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) काढला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. स्नॅपशॉट बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले. अपडेटच्या दिवशी पटकन मागं यायला तो चांगला आहे, पण एक्स्चेंज किंवा चार सर्व्हरच्या शेअरपॉइंटला स्नॅपशॉटवरून मागं आणायच्या फंदात पडू नका, ते सर्व्हर डोमेनशी आणि एकमेकांशी बोलत असतात, एकालाच मागच्या तारखेला नेलं की बाकीच्यांशी त्याचं जुळत नाही.

यूएसबी डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर लावलेली डिस्क पण लॉक करून टाकतं. दुसरी डिस्क दुसऱ्या गावात असलेली बरी, सोसायटीची हेड ऑफिस बेळगावात आणि शाखा निपाणीत असेल तर दर महिन्याला डिस्क बदलायची, कोणीतरी येत-जात असतंच. ती डिस्क एन्क्रिप्ट करून पाठवा, सभासदांचं आधार आणि पॅन त्यात असतं.

आता हे संपलं कधी म्हणायचं? तो बॅकअप जुन्या पीसीवर उभा करून, लॉगिन करून, मागच्या आठवड्यातली एक फाइल उघडून बघितली की संपलं. त्याच्या आधी नाही. मी ज्या ऑफिसात नवीन जातो तिथं पहिल्या दिवशी अपडेटला हात लावत नाही, आधी हेच करून घेतो. एका ऑफिसात रोज रात्री बॅकअप झाल्याचा मेल येत होता आणि डंपची फाइल उघडून बघितली तर आत काहीच नव्हतं, डेटाबेसचा पासवर्ड मध्ये कधीतरी बदललेला.

४. प्रयोग जुन्या पीसीवर करा

बॅकअप जिथं उभा केलात तोच आता प्रयोगाचा सर्व्हर झाला. पहिलं अपडेट तिथं मारा. किती वेळ लागला ते वहीत लिहा, कारण उद्या मॅनेजर विचारणार "किती वेळ बंद राहणार" आणि तुम्हाला खरं उत्तर देता येईल. कुठं एरर आला, कोणतं ॲप बंद पडलं, ते पण लिहा. फक्त एक काळजी घ्या, प्रयोगाच्या सर्व्हरवरून खरे मेल जाऊ देऊ नका, मेलची सेटिंग काढून टाका, नाहीतर सभासदांना जुनी नोटीस परत जाते आणि ऑफिसात दिवसभर फोन वाजत राहतो.

५. दिवस आणि वेळ ठरवा

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणजे कामाला बुधवारच. लगेच बुधवारी सकाळी चालू सर्व्हरवर मारायची घाई साध्या पॅचला नको. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, सोसायटीचं काम पण त्या दिवशी हलकं असतं, म्हणून मी चौथा शनिवार धरतो. दुसऱ्या मंगळवारनंतर चौथा शनिवार अकरा नाहीतर अठरा दिवसांनी येतो, तोपर्यंत पॅचमध्ये काही घोटाळा असेल तर जगभरात कळलेलं असतं, आणि सीएच्या ऑफिसात जीएसटीची ११ आणि २० तारीख पण उलटून गेलेली असते. मार्चअखेर, ऑडिटचा आठवडा, शाळेत निकालाचे दिवस हे सोडाच. गणपती विसर्जन आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीचा दिवस पण नको, ऑफिस रिकामं मिळतं हे खरं, पण काही अडलं तर शहरातून सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही.

हेस्कॉमच्या मेंटेनन्सची सूचना पेपरला येते, ती आदल्या दिवशी बघा. खानापूर, जांबोटी बाजूला पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. डेटाबेस अपग्रेड चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मध्येच संपली तर टेबलं अर्धी नवीन अर्धी जुनी राहतात. प्रयोगाच्या सर्व्हरवर अपग्रेडला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट बॅटरी टिकत असेल तरच सुरू करा, नाहीतर त्या दिवसापुरता जनरेटर. डाउनलोड आदल्या रात्रीच करून ठेवा, रस्ता खणताना फायबर तुटली तर शनिवारचा दिवस वाया जातो.

हे सगळं साध्या अपडेटला. "हल्लेखोर हे भोक आत्ता वापरत आहेत" अशी सूचना आली तर चौथा शनिवार बघत बसायचं नाही, बॅकअप घेऊन त्याच दिवशी. पॅचच आलेला नसेल किंवा तुमच्याकडून होत नसेल तर राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत यायचा रस्ता) बंद करा, सर्व्हर फक्त ऑफिसच्या आत चालू दे, बाहेरच्यांना व्हीपीएन द्या. दोन दिवस घरून फाइल उघडता आली नाही तर चालतंय. अशा सूचनांसाठी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या साइटवर नजर ठेवा, आणि तुमचं जे सॉफ्टवेअर असेल त्याच्या सिक्युरिटी सूचना मेलवर लावून घ्या, एकाच नाही, ऑफिसातल्या दोघांच्या मेलवर.

६. नेक्स्टक्लाउड: एक-एक पायरी

नेक्स्टक्लाउडला मोठं व्हर्जन गाळून पुढं जाता येत नाही. २५ वर असाल तर २६, मग २७, असंच. प्रत्येक मोठ्या व्हर्जनच्या आधी तुमच्या व्हर्जनच्या शेवटच्या छोट्या अपडेटवर या, मग पुढं. आणि मागं येणं नाही, २७ वरून २६ ला उतरायचं म्हटलं तर बॅकअपच लागतो.

पीएचपीची पायरी त्याच्याशी जुळवावी लागते आणि बहुतेक जण इथंच अडकतात. उबुंटू २०.०४ बरोबर पीएचपी ७.४ येतं, आणि नेक्स्टक्लाउड २६ ला निदान ८.० पाहिजे. म्हणजे २५ वर आलात की आधी उबुंटू २२.०४ वर जायचं, तिथं पीएचपी ८.१ मिळतं, ते २५ ला पण चालतं. मग २६ पासून ३० पर्यंत चढायचं, मग उबुंटू २४.०४, त्यात पीएचपी ८.३, ते पण ३० ला चालतं. उबुंटू पण २०.०४ वरून सरळ २४.०४ वर जात नाही, मध्ये २२.०४ घ्यावंच लागतं. वहीत हा जिना आधी काढा, कोणत्या पायरीवर काय, आणि प्रत्येक पायरीवर नवीन बॅकअप.

उबुंटू वर नेताना बाहेरच्या रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून उतरतं ते साठे) आपोआप बंद केल्या जातात. कोलाबोरा अशाच रेपॉझिटरीतून घेतलेलं असेल तर त्याला पुढं अपडेट येणंच थांबतं, एररही दिसत नाही. अपग्रेड झालं की ती रेपॉझिटरी नवीन उबुंटूसाठी परत चालू करा.

ब्राउझरमधून अपडेटचं बटण दाबता येतं, पण डेटा मोठा असेल तर ते मध्येच टाइमआउट होतं. कमांड लाइनवरचा अपडेटर वापरा, आणि कमांड नेक्स्टक्लाउडच्या ॲडमिन मॅन्युअलमधून तुमच्या व्हर्जनचं पान उघडून घ्या, कोणत्यातरी जुन्या व्हिडिओतून नको. कमांड वेब सर्व्हरच्या यूजरनं चालवायची, रूटनं (सगळे अधिकार असलेल्या यूजरनं) नाही, नाहीतर फाइलींची मालकी बदलते आणि साइट उघडत नाही.

डॉकर असेल तर इमेजच्या टॅगला (व्हर्जन सांगणाऱ्या लेबलला) "लेटेस्ट" लिहून ठेवू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी इमेज ओढतं आणि ती दोन व्हर्जन पुढची असते, मग कंटेनर चालूच होत नाही. टॅगमध्ये मोठ्या व्हर्जनचा नंबर लिहा आणि तो एकानं वाढवत चला.

नवीन व्हर्जन दिसत नाही म्हणून घाबरू नका, ते सगळ्यांना एकाच दिवशी देत नाहीत, टप्प्याटप्प्यानं देतात.

संपलं कधी? मेंटेनन्स मोड काढला, ॲडमिनच्या ओव्हरव्ह्यू पानावरच्या पिवळ्या-लाल सूचना वाचून निस्तरल्या, डेटाबेसचे राहिलेले इंडेक्स घातले, आणि ॲप्सच्या यादीत कोणतं ॲप बंद पडलंय ते बघितलं. नवीन व्हर्जनशी न जुळणारी ॲप्स ते गुपचूप बंद करून टाकतं. दोन टप्प्यांची लॉगिन तपासणी करणारं ॲप बंद पडलेलं असेल तर ते आजच कळायला पाहिजे.

७. डॉक्युमेंट सर्व्हर आणि आपले फॉन्ट

कोलाबोरा किंवा ओन्लीऑफिस हे वेगळं सॉफ्टवेअर आहे, नेक्स्टक्लाउड नवीन झालं म्हणून ते नवीन होत नाही. डॉकरमध्ये असेल तर नवीन इमेज ओढायची, जुना कंटेनर काढून नवीन चालू करायचा. नुसती इमेज ओढली आणि कंटेनर तसाच ठेवला तर चालतं ते जुनंच, हे फार ठिकाणी दिसतं.

आपल्या भागाला इथं एक जादा काम आहे. आपल्याकडं सरकारी पत्र कन्नडमध्ये, सभासदांची नोटीस मराठीत आणि ऑडिटचं इंग्रजीत, कधीकधी तिन्ही एकाच पानावर. त्यासाठी कोणीतरी मराठी आणि कन्नड फॉन्ट कंटेनरच्या आत नेऊन टाकलेले असतात. कंटेनर नवीन झाला की ते फॉन्ट गेले. मग वार्षिक सभेची नोटीस उघडली की ओळी खाली-वर, पानं वाढलेली, कुठं अक्षरांच्या जागी चौकोन. फॉन्टचं फोल्डर सर्व्हरवर बाहेर ठेवा आणि कंटेनरला जोडून द्या, म्हणजे कंटेनर कितीही वेळा बदलला तरी ते राहतात. ओन्लीऑफिसला फॉन्ट टाकल्यावर फॉन्टची यादी परत तयार करणारी स्क्रिप्ट चालवावी लागते, ती विसरली तर फॉन्ट फोल्डरमध्ये असतात आणि मेन्यूत दिसत नाहीत.

नुडी (कन्नडचं) किंवा श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाइली असतील तर त्यांचे फॉन्ट वेगळे जपून ठेवा, आणि सवड मिळेल तसं त्या युनिकोडमध्ये आणून घ्या.

८. मायक्रोसॉफ्टचं असेल तर

शेअरपॉइंटला पॅच टाकणं हा अर्धा भाग. पॅच सगळ्या सर्व्हरवर टाकल्यावर कॉन्फिगरेशन विझार्ड चालवावा लागतो, तेव्हा डेटाबेस वर येतो. विझार्ड राहिला तरी साइट चालते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. २०१६ आणि २०१९ ला पॅचच्या दोन फाइली असू शकतात, एक सगळ्यांसाठी आणि एक भाषेची, दोन्ही टाका.

जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंटवर मोठा हल्ला झाला, स्वतःच्या जागेत ठेवलेल्या सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्यांवर नाही. हल्लेखोर सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे गुप्त किल्ल्या, चोरून नेत होते. त्या की हातात असल्या की पॅच टाकल्यावर पण आत येता येतं, म्हणून पॅचनंतर की बदला आणि आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) रिस्टार्ट करा असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. ज्यांनी फक्त पॅच टाकला त्यांचं काम राहिलंच. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजवर तसंच झालं होतं, पॅचच्या आधी आत ठेवलेली वेब शेल (बाहेरून सर्व्हर चालवू देणारी चोर फाइल) पॅचनं जात नव्हती, ती शोधून काढावी लागत होती.

एक्स्चेंजची सिक्युरिटी अपडेट ठराविक क्युम्युलेटिव्ह अपडेटवरच बसते, म्हणून आधी ते बघा. अपडेटच्या फाइलवर डबल क्लिक करू नका, ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून चालवा, नाहीतर वेब मेल आणि ॲडमिनचं पान बंद पडतं. झाल्यावर मायक्रोसॉफ्टची हेल्थ चेकर स्क्रिप्ट चालवा, राहिलेली कामं ती नावानिशी सांगते.

ऑफिस ऑनलाइन सर्व्हर (ब्राउझरमध्ये वर्ड-एक्सेल उघडून देणारा) असेल तर त्याला विंडोजच्या ऑटोमॅटिक अपडेटवर सोडू नका. आधी फार्ममधून (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातून) काढायचा, अपडेट टाकायचं, मग परत फार्म करायचा. आधी फार्म करताना दिलेल्या कमांडचा सगळा तपशील लिहून ठेवलेला पाहिजे, परत तोच द्यायला लागतो.

९. चालतंय का, ते खरं काम करून बघा

लॉगिनचं पान उघडलं म्हणजे झालं नाही. एवढं करून बघा:

- कन्नड-मराठी मिसळलेली एक फाइल दोघांनी एकाच वेळी उघडून टाइप करा, मग पीडीएफ काढून जोडाक्षरं तपासा
- मोठी फाइल चढवा आणि उतरवा
- बाहेरच्याला लिंक पाठवा, मोबाइल डेटावर उघडते का बघा
- सगळ्यात जुन्या पीसीवर सिंक होतंय का बघा. सर्व्हर नवीन झाला की फार जुन्या डेस्कटॉप क्लायंटला तो आत घेत नाही, आणि शाखेतला माणूस आठवडाभर समजत राहतो की फाइली जातायत
- सर्व्हर एकदा पूर्ण रिस्टार्ट करा आणि सगळ्या सेवा आपणहून चालू होतात का बघा. उबुंटूवर कर्नलची अपडेट सहसा रिस्टार्टशिवाय लागू होत नाही
- एसएसएल सर्टिफिकेटची (साइट सुरक्षित असल्याचा दाखला) तारीख बघा. फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट संस्था २०२५ पासून आठवणीचे मेल पाठवत नाही

मग परत पहिल्या पायरीतली यादी काढा आणि प्रत्येक थराचा नंबर नव्यानं वाचून लिहा. नंबर बदललेला दिसला तरच त्या ओळीवर टिक. सोमवारी सकाळी अर्धा तास आधी जाऊन बसा, काउंटर उघडायच्या आधी जे कळतं ते बरं.

१०. बिघडलं तर

मागं कधी फिरायचं ती वेळ आधीच ठरवा आणि वहीत लिहा. समजा दुपारी बाराला सुरू केलं आणि चारपर्यंत चालू झालं नाही, तर चारला बॅकअपवरून परत. अजून पाच मिनिटं, अजून एक कमांड, असं करत रात्रीचे अकरा होतात आणि मग थकलेल्या डोक्यानं माणूस डेटाबेस पुसून बसतो. मागं फिरायच्या आधी लॉग फाइली बाजूला कॉपी करा, त्याशिवाय पुढच्या वेळी कारण कळणार नाही.

सर्व्हरवर अनोळखी फाइली, अनोळखी ॲडमिन यूजर, रात्री-अपरात्रीचं लॉगिन असं काही दिसलं तर तो अपडेटचा प्रश्न राहिला नाही. नेटवर्कची वायर काढा, मशिन बंद करू नका, काही पुसू नका. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायचे असतात. लॉग किती दिवस राहतात ती सेटिंग आजच बघून घ्या, बहुतेक ठिकाणी त्याहून फार कमी असते.

११. व्हेंडरकडून करून घेत असाल तर

कोल्हापूरचा असो नाहीतर हुबळीचा, एएमसीच्या (वर्षाच्या देखभाल कराराच्या) कागदावर "अपडेट करून देऊ" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. कोणकोणत्या थराचं, महिन्यातून कधी, हल्ल्याची सूचना आली तर किती तासांत, बॅकअप परत उभा करून कधी दाखवणार, हे चारही कागदावर पाहिजे. काम झाल्यावर "झालं सर" असा मेसेज आला की आधीचे आणि नंतरचे व्हर्जन नंबर मागून घ्या आणि स्वतः लॉगिन करून वहीशी ताडून बघा. ॲडमिनचा पासवर्ड संस्थेकडं सीलबंद पाकिटात असू दे, आणि व्हेंडर बदलला की त्याच दिवशी तो पण बदला.